दोनशे बारावा खुंट

घड्याळात दहा वाजलेत हे निव्वळ घड्याळ सांगतंय म्हणून मानणारा माणूस तो नव्हे. तो आधी शेजाऱ्याच्या घड्याळात डोकावणार, मग रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तरी थांबवून विचारणार, आणि तिघांचं जमलं तरी "तिघांनी एकाच रेडिओवरून लावली असतील" असं पुटपुटत घरात येणार. डॉक्टरांनी रक्तदाब उत्तम आहे म्हणून सांगितलं की लगेच दुसरा दंड पुढे. "आता याच्यावर बघा." स्वतःच्याच दाराची बेल बाहेर जाऊन वाजवून बघायची त्याला खोड होती. आतून बायको ओरडायची, "वाजतेय हो, वाजतेय! या आत!" लेकीचं लग्न ठरत होतं तेव्हा तर हा गृहस्थ तीन दिवस मुलाच्या ऑफिससमोर छत्री उघडून उभा. मुलगा रोज आत जातो का आणि संध्याकाळपर्यंत आतच राहतो का, ते बघायला. चौथ्या दिवशी मुलगाच बाहेर येऊन म्हणाला, "काका, आत येऊन बसा की. पंखा आहे." लग्न झालं, संसार झाला, पण जावयाबद्दल याचं पूर्ण समाधान काही आजतागायत झालेलं नाही.

"खातरजमा करावी," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे गल्लीत सगळे त्याला खातरजमाकाका म्हणायचे आणि त्याचं खरं नाव पोस्टमनशिवाय कुणाला आठवत नव्हतं.

एकतीस वर्षं त्यानं सरकारी लाकूडडेपोत ठसेवाल्याची नोकरी केली. काम ऐकायला सोपं. कापायचं झाड ठरलं की डोंगर चढून त्याच्यापाशी जायचं, बुंध्याची साल वीतभर तासायची आणि तिथं हातोडा मारायचा. हातोड्याच्या तोंडावर डेपोची खूण कोरलेली. शेजारी पोलादी अंकांनी झाडाचा नंबर ठोकायचा. झाड पडलं की तीच खूण, तोच नंबर ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर. मग ओंडका कुठंही जाऊ दे, त्याचा जोडीदार ठसा डोंगरावर उरलेल्या बुडख्यावर, म्हणजे खुंटावर बसलेला. दोघांची गाठ घातली की खरंखोटं उघड. आणि या सगळ्याचा एकच नियम होता : हातोडा ठसेवाल्याच्या हातातून सुटता कामा नये. जेवताना मांडीवर, झोपताना उशाशी.

लेक आठ वर्षांची असताना त्यानं तिला एका ओंडक्याची चकती कापून दिली होती. मधोमध ठसा, कडेला साल. लेक मोठी झाली, शिक्षिका झाली, आता चाळिशीला आली, पण ती चकती तिच्या टेबलावरून हलली नाही. वह्यांच्या गठ्ठ्यावर ती ठेवायची. दरवर्षी नव्या वर्गाला ती उचलून दाखवायची आणि सांगायची, "हा माझ्या बाबांचा ठसा. हा असल्याशिवाय डोंगरावरचं एक झाड जागचं हलत नव्हतं." मुलं चकती हातात घेऊन वास घ्यायची. काकांना हे ठाऊक होतं. कुणी तो विषय काढला की ते लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागायचे.

आता शाळेचं ऐका. जुन्या इमारतीच्या छतातल्या सळ्या गंजून फुगल्या आणि एका सुट्टीच्या दिवशी चौथीच्या वर्गात भलामोठा पापुद्रा खाली आला. सुट्टी होती म्हणून निभावलं. इमारतीला कुलूप लागलं आणि शाळा पत्र्याच्या शेडमध्ये गेली. "चार महिन्यांपुरती" म्हणून गेली ती दोन वर्षं तिथंच. दुपारी पत्र्याला हात लावायची सोय नाही. कडेची मुलं बाकं ओढत ओढत मधे यायची, मग मधली ओरडायची. वारा सुटला की पत्रे असे खडखडायचे की लेकीला फळ्यावर लिहूनच शिकवावं लागायचं. तिचा आवाज तर बसूनच गेला होता. सासर गल्लीतच, त्यामुळे शाळा सुटली की ती आधी माहेरी यायची, गरम पाणी पीत बसायची आणि खुणेनं बोलायची.

अशात एक इंजिनिअर बाई आल्या. तरुण होत्या, पायात धुळीचे बूट, हातात नकाशांच्या गुंडाळ्या. पालकांच्या सभेत त्या म्हणाल्या, "नवी शाळा लाकडाची बांधू या."

झालं! शेडमध्ये एकच गलका. "लाकडाची? काडेपेटी बांधताय की शाळा?" "वाळवी काय उपाशी मरेल?" "आम्हाला सिमेंट नाही मिळणार का, आम्ही काय सावत्र आहोत?"

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की सिमेंट भाजायला भट्ट्या पेटतात आणि त्यांचा धूर सगळ्यांच्याच डोक्यावर साचतो. झाड मात्र वाढताना हवेतला तोच धूर पोटात घेतं आणि लाकडात कोंडून ठेवतं. त्या लाकडाची शाळा बांधली की तो पन्नास-साठ वर्षं भिंतीतच बंद. "अट एकच आहे," त्या म्हणाल्या, "कापलं तिथं पुन्हा वाढलं पाहिजे. ते नसेल तर हे सगळं थोतांड आहे, हे मीच तुम्हाला सांगते." मग त्यांनी आडव्या-उभ्या फळ्या चिकटवून केलेला हातभर जाड तुकडा बाहेर दगडावर ठेवला आणि त्यावर गॅसच्या दिव्याची ज्योत सोडली. अर्धा तास. वरून कोळसा झाला. सगळे माना लांब करून बघत होते.

काका पुढे गेले. खिशातला चाकू काढून त्यांनी कोळसा खरवडला. दोन बोटं काळं, आत पिवळं धमक लाकूड.

"हे झालं लाकडाचं," काका म्हणाले. "आता हे आलं कुठून, ते सांगा."

"सोळा मैलांवरच्या लागवडीच्या डोंगरावरून. दोनशे बारा झाडं. प्रत्येकाला नंबर आहे, ठसा आहे, कागद आहेत."

"ठसा आहे!" काका असे हसले की बाईंचा चेहरा पडला. "बाई, ठशाचं मला सांगू नका. खातरजमा करावी."

पालक समितीचे अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातले चष्मेवाले. त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं : काकांनी जाऊन बघायचं, आणि काका म्हणतील ती पूर्व दिशा. त्यांच्याइतका संशयी माणूस पंचक्रोशीत नाही, म्हणजे फसवणूक झालीच तर त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. महिनाअखेरपर्यंत समितीचा होकार गेला नाही, तर हे लाकूड दुसऱ्या गावच्या शाळेला जाणार होतं आणि इथली पाळी पुन्हा दोन वर्षांनी. म्हणजे आणखी दोन उन्हाळे पत्र्याखाली.

लेकीनं घरी येऊन पर्स खुर्चीवर आपटली. आवाज नव्हता तरी ती बोलली. "बाबा, तुम्ही नाही म्हणणार, हे मला आत्ताच माहीत आहे."

"मी अजून बघितलंही नाही."

"तुम्ही कधी कशाला हो म्हणालात? सांगा ना, एक तरी गोष्ट सांगा."

काकांना पटकन एकही आठवली नाही. बायको भाजी निवडत होती, ती म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा माझ्या नाकाला पण नाहीच म्हणाले होते. नाक खरं आहे का म्हणून विचारलं असेल त्यांनी माझ्या मामांना." लेक हसली नाही.

दुसऱ्या दिवशी काका शाळेच्या मोकळ्या जागेवर गेले. व्हरांड्याचे खांब नमुन्याला म्हणून येऊन पडले होते. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पहिल्या खांबाच्या तोंडाशी वाकले, आणि त्यांच्या मनानं टाळीच वाजवली. सापडलं! ठसा छापील पुस्तकासारखा स्वच्छ होता. दुसऱ्या खांबाचा तसाच. तिसऱ्याचाही.

खरा ठसा असा नसतो, ही त्या धंद्यातल्या माणसाची खूणगाठ. खरा ठसा उतारावर मारलेला असतो. एक पाय वर, एक खाली, तोल सांभाळत. तो एका अंगाला खोल जातो, दुसऱ्या अंगाला पुसट राहतो. सपाट जमिनीवर, सावलीत, निवांत बसून मारलेलाच एवढा सुबक येतो. म्हणजे कुणीतरी हातोडा खाली आणून, मांडी घालून, पटापट ठसे मारलेत. काका घरी आले ते शीळ घालतच.

तुम्ही म्हणाल, सावलीत मारलेला ठसा कसा दिसतो हे या माणसाला एवढं अचूक कसं माहीत? तेच तर सांगायचंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही.

लेक सात वर्षांची होती त्या सालची गोष्ट. डोंगराची सरळ चढण, ऊन रणरणतं, आणि काकांचा गुडघा दुखत होता. झाडं कापणारा ठेकेदार म्हणाला, "मास्तर, कशाला जीव काढता? बसा सावलीत. द्या तो हातोडा, आमची माणसं मारतील." पहिल्या दिवशी गुडघा खरंच दुखत होता. दुसऱ्या दिवशी जरा कमी. तिसऱ्या दिवसापासून अजिबात दुखत नव्हता, पण खुर्ची होती, पाणी होतं, रेडिओवर सामना चालू होता आणि ठेकेदाराची माणसं समोरच मांडी घालून ओंडक्यांवर ठसे मारत होती. अकरा दिवस काकांनी उंटावरून शेळ्या हाकल्या. बाराव्या दिवशी ते वर चढले तेव्हा डोंगर उरलाच नव्हता. जाड झाडं गेलीच होती, पण मनगटाएवढी पोरसवदा झाडंही मुळापासून साफ. आणि त्या प्रत्येक चिमुकल्या खुंटावर, अगदी ठळक, काकांचा ठसा.

कागद जुळले. ओंडके जुळले. खुंटही जुळले. त्या वर्षी काकांच्या कामात एकही चूक निघाली नाही म्हणून साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. तो डोंगर पुढे दोन पावसाळ्यांत खाली आला आणि आता तिथं नुसता खडक आहे. काकांनी हे कुणालाही सांगितलं नाही. मनाशी मात्र एक ठरवून टाकलं : सगळेच असे करतात. ठसा म्हणजे थाप. या एका वाक्याच्या आधारावर ते तेहेतीस वर्षं जेवले, झोपले आणि जगाला खोटं ठरवत फिरले.

तर त्या लागवडीच्या डोंगरावर काका खडूचा डबा, जेवणाचा डबा आणि काठी घेऊन निघाले. इंजिनिअर बाई जीपपाशी खाली थांबल्या. "मी आले तर तुम्ही म्हणाल पढवून आणलंय," त्या म्हणाल्या. पोरगी शहाणी होती.

वर ठसेवाली भेटली. चाळिशीची, रापलेली बाई, कमरेला कोयता, हातात हातोडा. दोन्ही गुडघ्यांना तिनं जुन्या उशीचे तुकडे दोरीनं बांधले होते. काकांना त्या उशांचं हसूच आलं. थोडं चढल्यावर त्यांनी हळूच खडा टाकून बघितला.

"ताई, मीही याच धंद्यातला. दमलात तुम्ही. कशाला जीव काढता? बसा सावलीत. द्या तो हातोडा, दोन-चार मी मारतो."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे शब्द कुणाचे होते.

"काका, रागावू नका," ती म्हणाली, "हा मी नवऱ्याच्या हातात पण देत नाही. मागे मोठे साहेब आले होते, फोटोसाठी धरतो म्हणाले. म्हटलं, साहेब, मला धरा, पण हातोडा नाही." आणि ती आपल्याच विनोदावर खळखळून हसली.

मग ती एका उभ्या झाडापाशी दोन्ही गुडघ्यांवर बसली. साल तासली, अंग सरळ केलं, आणि ठण्ण. ठसा स्वच्छ, छापल्यासारखा.

"असं बसून मारता?" काकांनी विचारलं.

"उभ्यानं मारला की तिरका जातो. वाचणाऱ्याला त्रास. गुडघे सोलून निघायचे, म्हणून या उशा."

एकतीस वर्षांत गुडघे टेकायचं काकांच्या डोक्यात आलं नव्हतं. पण गडी हटायला तयार नव्हता. अजून एक परीक्षा होती आणि ती फक्त ठसेवाल्यालाच ठाऊक असते. जिवंत झाडाला ठसा मारला की त्या जखमेतून चीक येतो आणि पिवळा, गोंदासारखा चिकट साचून राहतो. आधी झाड कापून मागून खुंटावर ठसा मारला, तर तो कोरडा राहतो. मेलेलं लाकूड रडत नाही. ठेकेदाराच्या माणसांनी मारलेले ते सगळे ठसे कोरडे ठणठणीत होते.

काका एकेका खुंटापाशी वाकून ठशात नख घालायला लागले. पिवळा चीक. पुढच्यात चीक. त्याच्या पुढच्यात चीक. प्रत्येकावर ते खडूनं फुली मारत आणि मोठ्यानं आकडा म्हणत. खुंटांच्या मधून रोपं उभी होती, काही कमरेएवढी, काही वीतभर, एकेका खुंटामागे तीन. मेलेल्याच्या जागी नवं लावलेलं, त्याला काठीचा आधार. बारीक झाडं जिथल्या तिथं उभी. दुपार झाली तेव्हा काका दमून एका खुंटावर टेकले, डबा उघडून जेवले, पुन्हा उठून मोजायला लागले.

दोनशे नऊ. दोनशे दहा. दोनशे अकरा.

आणि संपले!

काकांनी डोंगर वरून खाली, खालून वर, पुन्हा पालथा घातला. दोनशे अकराच. छाती अशी फुलली की विचारू नका. "ताई!" ते ओरडले, "एक कमी! एक खुंट कुठाय? बोला आता! मला माहीतच होतं!" आनंदानं त्यांचा आवाज चिरकला होता. दोन वर्षं पत्र्याखाली भाजणारी पोरं, लेकीचा बसलेला घसा, यातलं त्या घडीला त्यांना काही आठवत नव्हतं. चोरी सापडली होती, म्हणजे सगळेच असे करतात, म्हणजे झालं.

ठसेवाली सावकाश आली, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, तुमचा डबा कुठाय?"

डबा त्या खुंटावरच होता, जिथं बसून ते जेवले होते. तिनं डबा उचलून बाजूला ठेवला आणि बोट दाखवलं. नंबर दोनशे बारा. त्यावर तेवढी फुली नव्हती. "बूड टेकून बसलात की त्याच्यावर," ती म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

काकांनी ठशात नख घातलं. बोटाला चीक लागला.

त्यांना त्या बाईचा मनापासून राग आला. खरं सांगायचं तर राग आला आणि मग रडू आलं, आणि रडताना दिसू नये म्हणून ते पुन्हा त्याच खुंटावर तिच्याकडे पाठ करून बसले. चढण तीच होती, ऊन तेच होतं, गुडघे तिलाही होते. ती खाली सावलीत बसली नव्हती, एवढाच काय तो फरक. तिनं मागून पाण्याची बाटली पुढे केली. "उतरताना जपून, काका. वर चढणं सोपं असतं."

समितीची सभा भर दुपारी शेडमध्येच होती. पत्रा तापलेला, लोक वह्यांनी वारा घेतायत. लेक मागच्या बाकावर, मान खाली घालून, बाप आता काय बोलणार हे माहीत असल्यासारखी.

काका उभे राहिले. "लाकूड चांगलं आहे. झाडं खरी आहेत. होकार द्या."

मग चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. "काका, तुम्ही? तुम्ही हो म्हणताय?"

"म्हणतोय."

"काहीतरी गडबड आहे," मागून कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं री ओढली, "अहो, लेक शाळेत आहे ना त्यांची! तिला पक्की खोली मिळतेय. कोण नाही म्हणेल?" तिसरा म्हणाला, "तिनंच सांगितलं असेल, बाबा, डोळे मिटा म्हणून." हळूहळू सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. लेक उठून उभी राहिली. तिला ओरडून काहीतरी सांगायचं होतं, पण घशातून नुसती हवा आली.

आयुष्यभर काकांनी या लोकांना एकच धडा दिला होता, विश्वास ठेवू नका म्हणून. लोकांनी तो चांगला गिरवला होता.

"तिचं नाव घ्यायचं नाही," काका म्हणाले. "खोटा ठसा मला लांबून ओळखता येतो. कारण मी ते मारवून घेतलेत. तेहेतीस वर्षांपूर्वी. अकरा दिवस मी खाली सावलीत बसलो आणि हातोडा ठेकेदाराला दिला. पलीकडचा तो उघडा खडक आहे ना, तो माझ्या ठशानं उघडा झाला." मग त्यांनी चीक, खुंट, उशा, सगळं सांगितलं. सांगताना ते लेकीकडे बघत नव्हते. बघवलं नसतं.

चष्मेवाल्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मग काका," चष्मेवाले अखेर म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती अडचण होती, "आता तुमच्या शब्दावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

"ठेवू नका," काका म्हणाले. "स्वतः जा. ठशात नख घाला. चीक लागला तर झाड जिवंत असताना मारलाय. कोरडा असेल तर मला येऊन सांगा."

आणि नऊ जण खरंच गेले. परत आले ते नखं पिवळी करून. चष्मेवाल्यांना दोन दिवस काचा पुसता येईनात, जिथं बोट लावतील तिथं चिकटायचं. दोनशे बारा. दुसऱ्या दिवशी होकार गेला.

घरी मात्र शुकशुकाट. लेकीनं आईशी बोलणं ठेवलं, बापाशी टाकलं. काकांनी एकदा बायकोला विचारलं, "तुला किती वाईट वाटलं?"

"मला?" ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मला तेव्हाच माहीत होतं."

"काय?"

"अहो, रोज डोंगरावरून यायचात तेव्हा बूट घासता घासता माझे हात दुखायचे. ते अकरा दिवस तुमच्या बुटांना मातीचा कण नव्हता. मला काय डोळे नाहीत?" तिनं घडी मांडीवर ठेवली. "वाट बघत होते, कधी सांगताय म्हणून. तुम्ही जगभर खातरजमा करत फिरलात. घरात कुणी केली असेल, हे काही तुमच्या मनात आलं नाही."

काका उठून बाहेर गेले, आणि त्या दिवशी त्यांनी बेल वाजवून बघितली नाही.

शाळा सात महिन्यांत उभी राहिली. भिंती ट्रकमधून आल्या, क्रेननं उचलल्या आणि एकमेकींत बसल्या. सहा खोल्या आणि लांब व्हरांडा. आत शिरलं की लाकडाचा वास, आणि दुपारीसुद्धा भिंतीला पाठ टेकून बसता यायचं. व्हरांड्याच्या खांबांचे पायथे जमिनीपासून वीतभर वर लोखंडी बुडांवर ठेवलेले, आणि नंबराचा ठसा प्रत्येकावर मुद्दाम दिसेल असा. मुलं येता-जाता नंबर वाचत. काका पहिले चार दिवस फाटकाबाहेरच उभे राहिले. पाचव्या दिवशी बायकोनं लेकीचा विसरलेला डबा त्यांच्या हातात दिला. डबा खरंच विसरला होता का, याची त्यांनी चौकशी केली नाही.

वर्ग भरायला पाच-दहा मिनिटं होती. लेक टेबलापाशी उभी. आवाज तिचा परत आला होता. टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता, पण त्यावर चकती नव्हती. गेले सात महिने ती कुठंच दिसली नव्हती. काकांनी डबा ठेवला आणि वळले.

"बाबा."

ते थांबले. तिनं खण उघडला आणि चकती बाहेर काढली. कडेची साल एका बाजूनं निघाली होती. तिनं ती उजेडाकडे धरली आणि अंगठ्यानं ठसा चाचपला, एका अंगाला खोल, दुसऱ्या अंगाला पुसट.

"ही कुठली?"

"त्या अकरा दिवसांच्या पुढच्या वर्षीची," काका म्हणाले. "मी स्वतः चढून मारलेला ठसा आहे. त्यानंतर हातोडा कधीच सोडला नाही."

बाहेर मुलं व्हरांड्यातून धावत येत होती.

"खातरजमा कशी करू, बाबा?"

तो ओंडका कधीच कुठंतरी दारखिडक्या होऊन गेला होता आणि खुंट कुजून माती झाला होता. "नाही करता येणार," काका म्हणाले. "आता काही उरलेलं नाही."

मुलं आत आली, बाकांवर बसली, कुणीतरी कुणाचं पेन घेतलं म्हणून भांडण लागलं. लेकीनं चकती वह्यांवर ठेवली, नीट मधोमध, आणि हजेरी घ्यायला लागली.